बोहारणीला देण्याआधी

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. त्यांत आजीचं इरकली लुगडं असतं, आईचा शालू असतो, खणाच्या दोन-तीन चोळ्या, जर काळवंडलेली एखादी टोपी आणि नशीब असेल तर काठ विरलेली जुनी पैठणी. नेसण्याजोगं त्यात फारसं काही उरलेलं नसतं. मग बोहारीण येते, गाठोडं जातं आणि घरात स्टीलचं पातेलं येतं. नाहीतर जुनी जर विकत घेणारा येतो, वजन करतो, पैसे मोजतो. ते कापड पुढे जाळलं जातं आणि राखेतून चांदी काढली जाते. आपल्याकडच्या कितीतरी पैठण्यांचा आणि शालूंचा शेवट असाच झाला आहे.

घरात जागा नसते, पैशाची नड असते, हे मला ठाऊक आहे. सगळं जपून ठेवा असं मी म्हणत नाही. माझी विनंती एवढीच, की ते गाठोडं दाराबाहेर जाण्याआधी एक दुपार त्याच्यासोबत बसा. वही घ्या, पेन्सिल घ्या, मुलांच्या दप्तरात भिंग असेल तर तेही घ्या. जे दिसतं ते हाताने काढा.

ही विनंती चित्रकारांना किंवा फॅशन शिकणाऱ्या मुलांना नाही, ती तुम्हाला आहे. तुम्ही ब्लाउज शिवत असाल, दोसुतीवर टाके घालत असाल, गणपतीचं मखर करत असाल, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी चाळीस मुलांचे कपडे जमवत असाल, हौशी नाटकाच्या तालमींना जात असाल, रांगोळ्या काढत असाल. या सगळ्यांना नवं काही सुचायला हवं असतं, आणि आज आपण सगळे ते फोनवर शोधतो. तिथे एकाने काढलेला मोर दुसरा उतरवतो, दुसऱ्याचा तिसरा. शेवटी उशीच्या अभ्र्यावर, लग्नपत्रिकेवर आणि पर्सवर एकच मोर येतो, आणि तो कुठल्याच खऱ्या मोरासारखा किंवा खऱ्या पदरासारखा नसतो. फोनवर नक्षीचा आकार मिळतो. ती नक्षी तशी का झाली हे मिळत नाही, आणि सुचण्याची सुरुवात तर तिथूनच होते.

म्हणजे काय, ते पैठणीचा पदर समोर ठेवून सांगते.

पदर उजेडात धरा. बहुतेक भरजरी कापडांत जमीन रेशमाची आणि नक्षी जरीची असते. पैठणीच्या पदरात ते उलटं आहे. जमीनच जरीची, आणि तिच्यावर रेशमाचे पोपट, वेली, कमळं. सोन्यावर मीना केल्यासारखा हा प्रकार. आता पदर उलटा करा. तो हातमागावर जुन्या पद्धतीने विणलेला असेल, तर मागच्या बाजूलाही तोच पोपट तेवढाच स्वच्छ दिसेल. मागे लोंबणारे धागे नसतील. यंत्रावरच्या नकलेत आणि जाकार्डवर विणलेल्या नक्षीत मागे धाग्यांचं जाळं असतं किंवा ते कातरून टाकल्याच्या खुणा असतात. हातमागाच्या पदरात ते नसतं, कारण विणकर बाण्याचा आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत नेतच नाही. प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी. हिरवा धागा पोपटापुरता जातो आणि मागे वळतो. वळताना शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकून वळतो, म्हणून दोन रंगांच्या मध्ये चीर पडत नाही. एका ओळीत अशा कितीतरी कांड्या हाताने फिरवायच्या, मग ती ओळ ठोकून बसवायची, मग पुढची.

आता भिंगातून पोपटाची कड पाहा. लांबून गोल वाटणारी ती कड जवळून पायऱ्यापायऱ्यांची आहे. ताण्याबाण्याच्या उभ्याआडव्या जाळ्यात सरळ गोलाई येतच नाही. विणकराला प्रत्येक ओळीत ठरवावं लागतं की इथे दोन धागे पुढे जायचं की तीन. पोटाचा फुगीर भाग, मानेचा बाक, चोचीचं टोक, सगळं या ठरवण्यातून आलेलं आहे. मुनिया, असावली, बांगडी मोर, अक्रोटी ही नावं आपण दुकानात ऐकतो. पण बांगडी मोर गोलात का बसवला, असावलीचं फूल असं टोकदार का, याचं बरंचसं उत्तर या पायऱ्यांत सापडतं.

म्हणून सांगते, पोपट साध्या कागदावर काढू नका, आलेखाच्या वहीत काढा. एक चौकोन म्हणजे एक पायरी धरा. पहिला पोपट बदकासारखा होईल, होऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला चोचीला किती चौकोन लागतात ते कळेल, डोळ्यासाठी एक चौकोन सोडला तर पुरतो तेही कळेल. आणि मग तुमच्या हाती फक्त पोपट आलेला नसतो. चौकोनांतून वळण कसं काढायचं हे आलेलं असतं. ते दोसुतीवर चालतं, ठिपक्यांच्या रांगोळीत चालतं, लोकरीच्या विणकामात चालतं, अंगणातल्या फरशीच्या तुकड्यांतही चालतं. त्या वळणाने तुम्ही बुलबुल काढा, शेवग्याची शेंग काढा, नातवाची सायकल काढा. ते सगळं पैठणीच्या घराण्यातलं दिसेल आणि तरी तुमचं असेल.

रंगांचंही तसंच. जुन्या लुगड्याचा रंग नेमका कोणता हे सांगता येत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलतं तसा रंग बदलतो. त्याला आपण धूपछाँव म्हणतो. एक धागा ओढून काढा, मग दुसऱ्या दिशेचा काढा, दोन्ही कागदावर शेजारी चिकटवा. बाजारात "मोरपंखी" म्हणून मिळणारा सपाट रंग आणि हे दोन धागे यांत किती अंतर आहे ते तिथेच दिसतं. पुढच्या वेळी अस्तर निवडताना, भरतकामाचे दोरे निवडताना ते आठवेल.

हाताने उतरवून घेण्यावर माझा एवढा भर का, याला आपल्याच मातीतला दाखला आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉन ग्रिफिथ्स शिकवत होते. 1872 पासून 1885 पर्यंत ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले आणि लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती काढवून घेत राहिले. त्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अनेक वर्षं राहून केलेल्या प्रती लंडनला नेल्या होत्या, आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाल्या होत्या. म्हणून हे काम पुन्हा हाती घेतलं. दुर्दैव असं की 1885 मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये पुन्हा आग लागली आणि यांतल्याही बऱ्याच प्रती गेल्या. उरलेल्या कामावरून ग्रिफिथ्स यांचा मोठा ग्रंथ निघाला. प्रती जळाल्या, पण ज्या मुलांनी त्या काढल्या त्यांच्या हातात अजिंठा राहिला. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच एक, पुढे नामवंत चित्रकार झाले. त्याच शाळेच्या कुंभारकामाच्या कारखान्यात घडलेल्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी आली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती भांडी आहेत. छतावरची वेल सुरईच्या पोटावर आणताना काय सोडलं आणि काय ठेवलं, हे त्यांच्यापुढे उभं राहून पाहण्यासारखं आहे.

अजिंठ्याला जाल तेव्हा आपण सगळे पद्मपाणीसमोर थांबतो तसं थांबा जरूर, पण नंतर कपडे पाहा. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांचं, चक्क शिवलेलं वस्त्र आहे. प्राचीन भारतात सगळे न शिवलेलीच वस्त्रं गुंडाळत होते असं आपण नाटकांत सर्रास धरून चालतो, त्याला हे एक चित्र पुरेसं उत्तर आहे. त्याच लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या आणि पट्टेरी मोजे घातलेले परदेशी लोक पेले हातात घेऊन बसलेले आहेत. अधोवस्त्रांवरचे पट्टे पाहा, त्यांतली बारीक नक्षी पाहा, हंसांच्या रांगा पाहा. सोमवारी लेणी बंद असतात आणि फ्लॅशला मनाई आहे. आत उजेड कमी असतो. डोळे सरावायला वेळ द्या आणि एका लेण्यात एकच वस्त्र वहीत उतरवा. सगळी लेणी एका दिवसात उरकण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचं.

ग्रिफिथ्स यांच्या काळानंतर साठ-सत्तर वर्षांनी त्याच जे. जे.मध्ये कोल्हापूरची एक मुलगी शिकली. भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया. 1929 चा जन्म, वडील चित्रकार, ते लवकर गेले. 1950 च्या दशकात त्या हिंदी चित्रपटांचे कपडे करू लागल्या. 1966 च्या 'आम्रपाली'साठी वैजयंतीमालांचा पोशाख करायचा होता तेव्हा त्यांनी आधार घेतला तो अजिंठ्याच्या चित्रांचा. आम्रपालीची कथा बुद्धाच्या काळातली आणि अजिंठ्याची ही चित्रं त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी काढलेली, हे खरं. पण एवढ्या तपशिलात वस्त्रं दाखवणारी त्याआधीची रंगीत चित्रं फारशी उरलेलीच नाहीत. उपलब्ध पुराव्यांतला सर्वांत चांगला पुरावा निवडायचा आणि तो नीट अभ्यासायचा, एवढंच कलाकाराच्या हाती असतं, आणि ते त्यांनी केलं. त्यांनी नुसते दागिने उचलले नाहीत. वस्त्र कमरेला कुठे बसतं, कसं बांधलं जातं, अंग कुठे उघडं राहतं आणि नाचताना ते कसं हलतं, हे त्यांनी चित्रांतून घेतलं. म्हणून तो पोशाख सहा दशकांनंतरही लोकांना आठवतो. पुढे 'गांधी' चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना 1983 मध्ये ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात भरजरी फारसं काही नाही. खादी, धोतरं, साध्या साड्या, गर्दीतल्या माणसांचे मळके कपडे. अजिंठा बारकाईने पाहणाऱ्या डोळ्यांना गर्दीतल्या माणसाचं धोतरही तितक्याच बारकाईने पाहता येतं, असं मला हे काम पाहून नेहमी वाटतं.

आता रंगभूमीकडे येते, कारण स्नेहसंमेलनं आणि हौशी नाटकं हा आपल्याकडचा फार मोठा कारखाना आहे. नाटक ठरलं की आपण ड्रेपरीवाल्याला फोन करतो. तो शिवकालीन म्हणून चमकत्या सॅटिनचे अंगरखे पाठवतो, पेशवाई म्हणून त्याच अंगरख्यांवर वेगळ्या पगड्या पाठवतो, आणि पौराणिक म्हणून पुठ्ठ्याचे मुकुट. त्या माणसाचा दोष नाही. आपण त्याला दुसरं काही मागतच नाही. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांच्यामुळे महाराजांचं खरं चित्र मराठी माणसापर्यंत पोचलं. आज त्या चित्रांच्या उत्तम प्रती सहज मिळतात. शिक्षकांनो, तालमीच्या पहिल्या दिवशी मुलांना त्यांतलं एक चित्र दाखवा. जामा कुठे घट्ट आहे आणि कुठे घेरदार आहे, पटका कमरेला कसा बांधला आहे, डोक्यावरचं पागोटं कसं आहे, हे मुलांना विचारा. मग जुन्या सुती चादरींचे जामे आणि आईच्या जुन्या काठाच्या साडीचे पटके शिवा. मांजरपाट चहाच्या पाण्यात बुडवला की त्याची नवी पांढरी चकाकी जाते. हे भाड्याच्या कपड्यांपेक्षा स्वस्त पडतं, आणि जो मुलगा स्वतःचा पटका बांधायला शिकला तो रंगमंचावर उभाही वेगळा राहतो.

आपल्या संगीत नाटकात कपड्यांचं महत्त्व किती होतं याचं उदाहरण बालगंधर्व. 1911 च्या 'मानापमान'मधली भामिनी, 1916 च्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी. खरे शालू, खरे दागिने, खरं अत्तर यांचा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे, आणि त्या खर्चाने कंपनी कर्जात गेली हेही. त्यांचं नेसणं, केसांची ठेवण, हातातला रुमाल या सगळ्याचं अनुकरण घरोघरच्या स्त्रियांनी केलं. पण मला त्याहून मोठी वाटते ती 'एकच प्याला'तली सिंधू. भरजरीत शोभणारा हाच नट गरिबीतल्या साध्या लुगड्यात जात्यासमोर बसला आणि प्रेक्षक ढसाढसा रडले. पोशाख माणसाची हकिकत सांगतो. तुमच्या नाटकातल्या बाईचं लुगडं पहिल्या अंकात नवं असेल तर तिसऱ्या अंकात ते किती वेळा धुतलेलं असेल, याचा विचार करा. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. रंगमंचावरचं कापड शेवटच्या रांगेतून दिसायला हवं. बारीक बुट्टी तिथून दिसतच नाही, रुंद काठ दिसतो. कोकणातल्या दशावतारात संकासुर येतो तो काळ्या पोशाखात, तोंड झाकणारी काळी खोळ आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. दोनच रंग, आणि देवळासमोरच्या मांडवात पार मागे बसलेलं पोरही दचकतं. वहीत काढलेली नक्षी भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. जे तिथून उरतं तेवढंच शिवा.

घरात ट्रंक नसेल तरी हे सगळं करता येतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून सुमारे 20,000 वस्तू जमवल्या, आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. राजेरजवाड्यांच्या वस्तू तिथे आहेतच, पण अडकित्ते, फण्या, दिवे, पाय घासायच्या वज्री यांच्यापुढे जास्त वेळ थांबा. दागिने करणाऱ्यांनी तर अडकित्त्यांची दांडी मुठीत नीट बसावी म्हणून तिला दिलेले आकार वहीत उतरवायलाच हवेत. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवतात. दशावतारी संचात 120 गोल पानं असतात आणि तळहाताएवढ्या गोलात सगळा अवतार मावतो. गोव्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी बायकांची चौकड्यांची लाल साडी पुन्हा लोकांसमोर आणली. त्यांनी चौकडी तशीच ठेवली, हे महत्त्वाचं.

घेताना काही मर्यादा पाळा, एवढं कळकळीनं सांगते. देवाची चित्रं पायपुसण्यावर आणू नका. येवल्याच्या विणकराची नक्षी छापील कापडावर घेतलीत तर ती पैठणी म्हणून विकू नका, पैठणीवरून घेतली असं सांगा. आणि ज्या कापडाने तुम्हाला सुचवलं ते आजही कुणी विणत असेल तर वर्षातून एकदा, परवडेल तेवढं, अगदी खणाचा एक तुकडा का होईना, पण हातमागाचं विकत घ्या.

जे ठेवायचं ठरवाल ते नीट ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत जरीचं कापड कधीही बांधून ठेवू नका, आत दमट होतं आणि जर काळी पडते. धुतलेल्या जुन्या मलमलीत किंवा सुती धोतरात गुंडाळा. तीन-चार महिन्यांनी बाहेर काढून घडी बदला, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर तुटतं. अत्तर, डांबराच्या गोळ्या थेट कापडावर नकोत. सावलीत हवा द्या, उन्हात नको. जे द्यायचं त्याचा वीतभर काठ आणि पदराचा एक कोपरा आधी कापून घ्या आणि वहीला सुईदोऱ्याने टाचा. डिंक लावू नका.

त्या पानावर लुगडं कुणाचं, कुठल्या गावातून आणलेलं, कुणाच्या लग्नात घेतलेलं, हे लिहा. आजी असतील तर आजच विचारा. त्यांना किंमत आठवत नसेल, पण दुकान आणि प्रसंग हमखास आठवतो. मग कधी येवल्याला किंवा पैठणला जाणं झालं तर वही सोबत न्या आणि मागावर बसलेल्या विणकराला तुमचा चौकोनांतला पोपट दाखवा. चोच कुठे चुकली ते तो लगेच सांगेल.